वाचकांचं टपाल: फिनलंडचे ऑपेरावाले शिकतात कधी आणि कमावतात कधी?

मागच्या अंकात सावोनलिन्नाच्या ऑपेरा महोत्सवावर दोन पानं छापली होती, तलावातल्या बेटावरचा जुना किल्ला आणि त्याच्या आवारात रात्रीचा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, वगैरे. मला वाटलं मे महिन्यात नागपुरात हे कोण वाचतंय, लोक कूलरसमोर पडून राशिभविष्य बघत असतील. पण टपाल आलं बापा, आणि भरपूर आलं. बहुतेकांचा रोख एकच, हे लोक त्या स्टेजवर पोचतात कसे. म्हणून गझल आणि नाट्यसंगीतवाल्यांची पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलली आहेत, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावीला आहे. गांधर्वची मध्यमा झाली. काही महिन्यांपासून ती युट्यूबवर कारिता मात्तिला नावाच्या फिनलंडच्या बाईंचं गाणं ऐकून राहिली आणि आता म्हणते मला हेच करायचं. आमच्या घरात ऑपेरा म्हणजे काय हेच कोणाला माहीत नाही. तिचे बाबा म्हणतात की त्या लोकांना तीन वर्षांपासून शिकवतात, आपली पोट्टी लेट झाली. खरं काय? या बाई कुठे शिकल्या? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर: ताई, बाबांना सांगा की ते तीन वर्षांचं प्रकरण व्हायोलिन-पियानोवाल्यांचं आहे, बोटांना लवकर वळण लावावं लागतं म्हणून. गळ्याचं तसं नाही. ऑपेराचा मोठा आवाज लहानपणी तयार करताच येत नाही, कारण तो तेव्हा अंगात नसतोच. मुलांचा आवाज फुटतो ते सगळ्यांना ऐकू येतं, मुलींचाही बदलतो पण तो गाजावाजा न करता बदलतो, म्हणून शहाणे शिक्षक सोळा-सतरापर्यंत पोरांना कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, गाऊ देतात, पियानो शिकवतात, नोटेशन वाचायला लावतात आणि मोठ्या गाण्यांच्या नादी लागू देत नाहीत. तेव्हा तुमची मुलगी लेट बिट काही नाही.

आता कारिताबाई. जन्म 1960 चा, गाव सोमेरो, नैऋत्य फिनलंडमधलं, आणि वाढल्या पेर्निओला, शेतकऱ्याच्या घरात, भावांबरोबर. म्हणजे आपल्याकडे जसं काटोल-नरखेडची मुलगी म्हणू तसंच. त्या देशाने एक काम मात्र फार नीट केलं, साठच्या दशकाच्या शेवटी कायदा करून गावोगावच्या म्युझिक स्कूलना सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली, त्यामुळे गाणं शिकायला श्रीमंत असावं लागत नाही की राजधानीत राहावं लागत नाही. पंचावन्न-छप्पन लाखांचा देश, आणि जगातल्या मोठ्या ऑपेरा हाउसच्या यादीत फिनिश नावं एवढी कशी दिसतात याचं अर्धं उत्तर मला तरी इथंच दिसतं.

मग हेलसिंकीची सिबेलियस अकादमी. ही 1882 पासूनची संस्था, फिनलंडचा मोठा संगीतकार सिबेलियस स्वतः तिथेच शिकला आणि 1939 ला तिला त्याचं नाव दिलं. तिथे कारिता लीसा लिंको-माल्मिओ यांच्याकडे शिकली. तिथलं शिक्षण आपल्या तालमीसारखं नाही हे मुलीला आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे एकच गुरू सूर लावायला शिकवतो, बंदिश देतो, राग उलगडून दाखवतो आणि वर बसायचं कसं तेही सांगतो. तिकडे ही कामं वाटून दिलेली. गळ्याचा शिक्षक वेगळा, तो श्वास, बरगड्या, जबडा, जीभ यांच्यावर काम करतो आणि महिनोन्महिने स्वरांचे व्यायामच करून घेतो. मग पियानोवर बसणारा कोच वेगळा, तो भूमिका पाठ करून घेतो, एकेक ओळ, एकेक एन्ट्री. इटालियन, जर्मन, फ्रेंचचे उच्चार वेगळ्या माणसाकडे, अभिनय आणि स्टेजवरची हालचाल आणखी कोणाकडे. आणि हे सगळं एकाच वेळी एकाच पोरीने करायचं, म्हणजे गात गात जिना उतरायचा, ड्रेसची शेपटी सांभाळायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली कंडक्टरची काडी बघायची, हे सगळं चेहऱ्यावर दिसू न देता.

1983 साली बीबीसीने कार्डिफला जगभरच्या तरुण गायकांची स्पर्धा सुरू केली. त्या पहिल्याच वर्षी कारिता जिंकली, वय बावीस. झालं, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे टीव्हीवरच्या स्पर्धेतलं पोरगं जिंकलं की पुढल्या आठवड्यात गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या सुरू होतात. हिने काय केलं, तर लंडनला वेरा रोझा नावाच्या हंगेरियन बाईंकडे शिकत राहिली. किरी ते कानावा ही मोठी ऑपेरा गायिका ज्यांच्याकडे शिकली त्याच या बाई. आणि शिकणं एखाद-दोन वर्षांचं नाही, जवळजवळ वीस वर्षं. म्हणजे एकीकडे मोठ्या स्टेजवर नाव होतंय आणि दुसरीकडे बाईंसमोर उभं राहून सूर तपासून घेणं चालूच.

भूमिका बघा कशा घेतल्या. 1986 ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसमध्ये मोझार्टच्या 'कोसी फान तुत्ते'मधली फिओर्दिलिजी, 1990 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा, तेही मोझार्टच, 'दोन जोव्हान्नी'मधली एल्विरा. मोझार्ट सोपा म्हणून नाही हो. फिओर्दिलिजीचं पहिल्या अंकातलं मोठं गाणं नुसतं ऐका, सूर वरून एकदम खाली उडी मारतो, मध्ये मींड नाही, घसरायला जागा नाही, थेट खालच्या सुरावर उतरायचं आणि तो तिथे आधीपासून होता असा वाटला पाहिजे. पण मोझार्टचा ऑर्केस्ट्रा लहान असतो, गळ्याला रेटावं लागत नाही, हे त्यातलं शहाणपण. रिचर्ड स्ट्राउसचा 'सालोमे' हा ऑपेरा म्हणजे शंभरच्या आसपास वादक खाली बसलेले आणि पावणेदोन तासांत नायिका स्टेजवरून जवळजवळ हलत नाही. ती भूमिका तिने पॅरिसला 2003 ला आणि न्यूयॉर्कला 2004 ला केली, चाळिशी ओलांडल्यावर. पंचविशीत तिला कोणी विचारलंच नसेल असं मला नाही वाटत, बड्या आवाजाच्या पोरींना सगळेच लवकर विचारतात.

मुलीने आत्ता काय करायचं, तर सूर-लय तिच्याकडे आहेच, ते मोठं भांडवल आहे. कमी काय आहे ते वाचन. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, बघितल्याबरोबर गाता येणं, हे आपल्या मुलांना सगळ्यात जड जातं, गळा नाही. पियानो निदान दोन हातांनी साधा वाजवता यावा. आणि बारावी होऊ द्या आधी.

प्रश्न: मॅडम, मी सव्वीस वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गावच्या भजनी मंडळात गातो पण आवाज लय खालचा, सगळे म्हणतात तुझ्यासाठी पेटी कुठं शोधावं बावा. कोणीतरी म्हणे ऑपेरात असे आवाज चालतात. आता काहून विचारून राहिलो माहीत नाही, पण वय गेलं का? (एक मास्तर, उमरेड रोड)

उत्तर: मास्तर, तुमचं पत्र वाचून मला एकच माणूस आठवला, मार्ती ताल्वेला. तोही शाळामास्तर होता, लहान मुलांना शिकवायचा.

जन्म 1935, गाव हिइतोला, करेलिया प्रांतातलं. हा प्रांत दुसऱ्या महायुद्धात रशियाकडे गेला आणि चार लाखांवर फिनिश लोक घरदार सोडून उरलेल्या देशात आले, त्यातलं हे पोर. मोठं झालं ते साडेसहा फुटांच्या घरात. लाहतीला गाणं शिकला, 1960 ला त्यांच्या देशातली गाण्याची स्पर्धा जिंकला आणि मग स्टॉकहोमला कार्ल मार्टिन ओहमानकडे गेला. हा ओहमान स्वतः टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, आणि निकोलाई गेड्डा हा नावाजलेला टेनर बँकेत नोकरी करत असताना याच्याचकडे शिकला होता, म्हणजे नोकरदार शिष्य घ्यायची त्याला सवय असावी.

1961 ला स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात ताल्वेलाने 'रिगोलेत्तो'मधला स्पाराफुचिले केला. सव्वीसचाच होता, तुमच्या वयाचा. हा स्पाराफुचिले भाडोत्री मारेकरी, रात्रीच्या गल्लीत रिगोलेत्तोला गाठतो, आपला धंदा सांगतो, रेट सांगतो आणि जाताना स्वतःचं नाव घेतो, आणि त्या नावाचा शेवटचा सूर खालच्या एफवर धरून तो अंधारात निघून जातो. तुमच्या हिशेबात सांगते, काळी एक हा षड्ज धरला तर तो मंद्र सप्तकातला शुद्ध गंधार. भजनात आपण तिथे चुकून पोचलो तर नुसती घरघर निघते. त्याला तो चालता चालता, पूर्ण थिएटरला ऐकू येईल असा धरायचा असतो, माइक नाही. सगळी भूमिका फार मोठी नाही, पण त्या एका सुरासाठी लोक तिकीट काढून वाट बघतात.

पुढच्याच वर्षी, 1962 ला, जर्मन संगीतकार वाग्नरच्या स्वतःच्या थिएटरात, बायरॉइटला, 'पार्सिफाल'मधला तितुरेल. ही भूमिका तर आणखी छोटी, आणि पहिल्या अंकात हा म्हातारा राजा दिसतही नाही, मागून, कबरीतून आल्यासारखा नुसता आवाज येतो. त्या वर्षीच्या प्रयोगांचं रेकॉर्डिंग आहे, कनापर्ट्सबुशने कंडक्ट केलेलं, मिळालं तर ऐका. त्याच सुमारास बर्लिनच्या डॉइचे ऑपेरात जागा मिळाली. 1968 ला मेट्रोपॉलिटन, तिथे 'दोन कार्लो'मधला नव्वद वर्षांचा आंधळा धर्मगुरू, आणि हा स्वतः तेहतीसचा. 1972 ते 79 सावोनलिन्नाचा महोत्सव त्यानेच चालवला, ज्यावर आपण मागे लिहिलं तो.

म्हणजे खालच्या आवाजाला ऑपेरात राजे, पुजारी, भुतं आणि खुनी मिळतात, नायिका मिळत नाही, हे आधीच मान्य करून टाका. आणि हा आवाज सगळ्यात उशिरा पक्का होतो, तिशीनंतरही बसत राहतो, त्यामुळे सव्वीस म्हणजे वय गेलं असं कोणी म्हणत असेल तर त्याला टेनरचं गणित माहीत आहे, तुमचं नाही.

सोइले इसोकोस्की म्हणून आणखी एक आहेत. उत्तरेकडच्या पोसिओ गावच्या, शिकल्या चर्चचं संगीत, ऑर्गन वगैरे, कुओपिओला. पहिली स्वतंत्र मैफल 1986 ला, एकोणतिसाव्या वर्षी. पुढल्या वर्षी कार्डिफला दुसऱ्या आल्या आणि हेलसिंकीत 'ला बोएम'ची मिमी केली, मग व्हिएन्ना, लंडन सगळं. लांब कशाला जायचं, आपले वसंतराव देशपांडे, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, त्यांनी किती वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली ते जुन्या लोकांना विचारा.

एक मात्र तपासा. तुमचा आवाज खरंच खाली आहे की तुम्ही तो दाबून खाली नेता? मोकळ्या वर्गात, पोरं गेल्यावर, सगळ्यात खालचा सूर हळूच लावा आणि मागच्या बाकावर कोणाला बसवून विचारा काय ऐकू आलं. जोर न लावता स्पष्ट गेला तर पुढचं बोलू. आणि तोपर्यंत मंडळाच्या हट्टापायी काळी चारला गाणं बंद करा, बाकीच्यांची पट्टी ही तुमची पट्टी नाही.

प्रश्न: मी साउंडचं काम करतो, लग्न, जाहीर सभा, ऑर्केस्ट्रा सगळं. शंभर वादकांवर एक माणूस बिना माइकचा ऐकू येतो हे मला पटत नाही. कुठेतरी लपवून लावत असतील. (सदर)

उत्तर: नाही लावत हो. तुमच्याच भाषेत सांगते. सगळा ऑर्केस्ट्रा एकत्र वाजतो तेव्हा त्याची जास्तीत जास्त ताकद 500 हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाल तशी उतरत जाते. तयार पुरुषी आवाजात 3 किलोहर्ट्झच्या जवळपास एक उंचवटा असतो, तो तालमीने तयार होतो, स्वरयंत्र थोडं खाली ठेवून त्याच्या लगेच वरची जागा अरुंद करून. स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्गने सत्तरच्या दशकात हे मोजून दाखवलं. म्हणजे ऑर्केस्ट्रा जिथे रिकामा तिथे गायक उभा. आणि आपला कानही नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट. तुम्ही निवेदकाचा आवाज गर्दीतून वर काढायला मिक्सरवर जो नॉब थोडा वाढवता, तोच हा पठ्ठ्या घशात वाढवतो.

बायकांचं, विशेषतः सोप्रानोंचं, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिकांचं, वेगळं. त्यांचा वरचा सी मुळातच 1047 हर्ट्झचा, तिथे त्या तोंड किती उघडायचं ते बदलून गळ्याची पोकळी त्या सुराला जुळवतात. म्हणून वरच्या सुरांवर त्यांचे शब्द कळत नाहीत, तक्रार करू नका. शिवाय वादक स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेले असतात हेही विसरू नका.

प्रश्न: फिनलंडची पहिली मोठी ऑपेरा गायिका कोण? (महाल)

उत्तर: आइनो आक्ते, 1876 ची. आई एम्मी गायिका, पहिली तालीम आईकडेच, मग पॅरिसचं कॉन्झर्व्हेटवार आणि 1897 ला थेट पॅरिस ऑपेरात 'फाउस्ट'ची मार्गारीत. 1910 ला लंडनला सालोमे केली तर लोक वेडे झाले. सावोनलिन्नाच्या किल्ल्यात 1912 ला पहिला महोत्सव भरवला तो हिनेच.

प्रश्न: स्पर्धा जिंकली, टाळ्या झाल्या, पण महिन्याचा किराणा कुठून येतो? मुलाला इंजिनिअरिंग सोडून गाण्यात जायचंय म्हणून विचारतो. (निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

उत्तर: सर, रास्त प्रश्न. तिकडे दोन रस्ते आहेत. एक फ्रीलान्स, आज इथे, उद्या तिथे, घसा बसला की त्या रात्रीचे पैसे गेले. दुसरा म्हणजे पगारी नोकरी, आणि ती मुख्यतः जर्मनीत, कारण तिथे शहराशहराला सरकारी पैशावर चालणारं ऑपेरा हाउस आहे आणि त्यांचा स्वतःचा कायम गायकांचा संच असतो. बऱ्याच फिनिश गायकांचं बस्तान असं जर्मनीतच बसलं. कामिला न्युलुंड घ्या, फिनलंडमधल्या वासा शहरातली, साल्झबुर्गला शिकली, मग हानोव्हरला 1995 ते 99 नोकरी, मग दोन वर्षं ड्रेस्डेन, आणि त्यानंतर मोकळी होऊन मोठ्या भूमिका. नोकरीत काय होतं, तर या आठवड्यात मोझार्ट, पुढच्या आठवड्यात दोन ओळींची मोलकरीण, त्याच्या पुढे कोणी आजारी म्हणून रातोरात तिसरंच. कंटाळवाणं वाटेल पण भूमिका खिशात जमा होत जातात.

आजारपणावरून आठवलं, मात्ती साल्मिनेन. तुर्कूचा, हेलसिंकीच्या ऑपेरात कोरसमध्ये होता. 1969 ला सहकारी ऐनवेळी आजारी पडला आणि याला 'दोन कार्लो'चा राजा फिलिप करायला उभं केलं. चोवीस वर्षांचा पोरगा, आणि गायचं काय, तर पिकल्या केसांच्या राजाचं एकटेपण. तिथून गाडी सुटली, 1972 पासून जर्मनीतल्या कलोनला मुख्य बास, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाचा गायक. पण सर, भूमिका पाठ नसती तर फोन येऊन उपयोग काय होता. तुमच्या मुलाने इंजिनिअरिंग सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, निदान कोणा जाणत्याने आवाज ऐकून दोनदा हो म्हणेपर्यंत तरी.

प्रश्न: मी ख्याल शिकते. ऑपेरा शिकायला घेतला तर गळा बिघडेल असं गुरुजी म्हणतात. आणि भारतात सुरुवात कुठे करायची? (विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर)

उत्तर: बेटा, गुरुजी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गळा बिघडणार नाही, पण सवयी एकमेकींच्या आड येतील. ऑपेरात सुरावर सतत बारीक कंप असतो, सेकंदाला पाच-सहा वेळा, आणि तुला आयुष्यभर शिकवलंय की षड्ज काचेसारखा स्थिर ठेव. तिकडे स्वरयंत्र खाली आणि टाळू उचललेली, इकडे शब्द जवळ आणि आवाज उघडा. दोन्ही एकाच दिवशी करू नकोस, निदान पहिली दोन-तीन वर्षं, आणि गुरुजींपासून लपवूनही करू नकोस, त्यांना पहिल्याच आलापात कळेल.

सुरुवात नागपुरात करायची तर चर्चच्या कॉयरमध्ये जा, चार आवाजांत गाणं आणि नोटेशन वाचणं दोन्ही फुकटात होतं. पुढे चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, तिथे वेस्टर्न व्होकल शिकवतात. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या गिल्डहॉलला शिकलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' नावाने भारतात येऊन तरुण गायकांना शिकवतात, त्यावर नजर ठेव. हेलसिंकीत गायकांची मिर्याम हेलिन स्पर्धा असते, 1984 पासून दर पाच वर्षांनी, तिची रेकॉर्डिंगं बघ, म्हणजे पंचविशीतली पोरं कुठल्या लेव्हलला असतात ते कळेल आणि थोडी झोप उडेल.

सिबेलियस अकादमीचंच डोक्यात असेल तर 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या डिग्री कोर्सना फी लागते, आधी फुकट होतं ते आता नाही. फी किती, स्कॉलरशिप आहे का, ऑडिशनला कोणती गाणी आणि किती भाषांत, हे दरवर्षी त्यांच्या साइटवरच बघायचं. सीताबर्डीवरच्या कुठल्या एजंटला यासाठी पैसे देऊ नकोस, ऑडिशन तुझ्या वतीने तो गाणार नाहीये.